साक्षीतून गाळलेला भाग

कवळीवाल्याने बायकोची हनुवटी डाव्या हाताच्या चिमटीत धरली आणि उजवी भुवई काढायला घेतली. डावी काढून झाली होती. आता हिचं तिच्याशी जुळणं महत्त्वाचं होतं. बारीक कामाची त्याला आयुष्यभराची सवय. मेणात दात बसवताना हात हलला, तर गिऱ्हाईक जन्मभर तिरकं हसतं. पण मेण श्वास घेत नाही, आणि मधेच काही विचारतही नाही.

"झालं का?"

"बोलू नकोस. कपाळ हलतंय."

"उशीर होईल उपासनेला."

"भुवईशिवाय जाण्यापेक्षा उशीर परवडला."

तो मागे सरकला आणि डोळे बारीक करून पाहू लागला. उजवी किंचित वर चढली होती.

"काय झालं?"

"काही नाही. जरा आश्चर्य वाटल्यासारखी दिसतेस."

"असू दे," बायको म्हणाली. "दर रविवारी तेच ते ऐकायला बसतो आपण. कुणाला तरी आश्चर्य वाटतंय हे बघून पाळकसाहेबांना तेवढंच बरं वाटेल."

त्याने पेन्सिल खाली ठेवली, टोप उचलून झटकला आणि तिच्या डोक्यावर बसवला. टोपाचे केस तिच्या मूळच्या केसांपेक्षा दाट होते. चर्चच्या मंडळीतल्या बायका हल्ली तिला कुठलं तेल लावता म्हणून विचारत असत, आणि तिने एका तेलाचं नावही सांगून ठेवलं होतं. दोघीतिघींनी ते आणलं होतं म्हणे.

आजार परत आला होता. ही गोष्ट तिला ठाऊक होती, त्याला ठाऊक होती आणि डॉक्टरांना ठाऊक होती. देवाला ठाऊक होती की नाही, याबद्दल कवळीवाला अलीकडे मत देत नसे.

मागच्या खेपेला ती बहिणीच्या गावी जाऊन राहिली होती. तिथे मोठं हॉस्पिटल होतं. ऑपरेशन झालं, इंजेक्शनं झाली, मशीनखाली झोपवून झालं. इथे मंडळीने उपास धरले, पाळीपाळीने प्रार्थना केल्या. मग एके दिवशी ती बारीक होऊन, डोक्यावर कोवळे केस घेऊन परत आली. रिपोर्ट स्वच्छ होता. त्याच रविवारी पाळकसाहेबांनी कवळीवाल्याला साक्ष द्यायला उभं केलं. साक्ष द्यायची म्हणजे देवाने आपल्यासाठी काय केलं ते सगळ्यांसमोर उभं राहून सांगायचं. मंडळीत याचा मोठा मान असे.

"थोडक्यात सांगा," पाळकसाहेब कानात म्हणाले होते. "मागाहून प्रभुभोजनाचा विधी आहे."

थोडक्यात सांगायचं तर काहीतरी गाळावं लागतं. कवळीवाल्याने हॉस्पिटल गाळलं. साक्षीत इंजेक्शनं शोभत नाहीत, आणि सलाईनच्या बाटलीला कुणी आमेन म्हणत नाही. उरलं ते असं, की ती आजारी होती, आपण प्रार्थना केली, ती बरी झाली. मंडळी अशी गरजली की त्याच्या अंगावर काटा आला. त्या भरात त्याच्या तोंडून आणखी एक वाक्य निघून गेलं. "आणि ते आता परत येणार नाही, असं प्रभूने मला सांगितलंय."

प्रभूने तसं काही सांगितलं नव्हतं. पण इतक्या लोकांनी एकदम हालेलुया म्हटल्यावर, सांगितलंही असेल, असं त्याला त्या क्षणी वाटलं.

कुणीतरी ते फोनवर टिपलं. ते फिरलं. दुसऱ्या मंडळ्यांतून लोक बायकोला बघायला येऊ लागले, आणि त्याला तीच साक्ष द्यायला बोलावू लागले. कवळीवाल्याला आता कवळीवाला कुणी म्हणेना, साक्षवाले म्हणू लागले. आणि सगळं असं छान चाललेलं असताना ते परत आलं. या वेळी डॉक्टरांनी बरं होण्याचा विषय काढलाच नाही. जमेल तितकं लांबवू, एवढंच म्हणाले. बहिणीच्या गावचा प्रवास तिला झेपणार नव्हता, म्हणून इथल्याच हॉस्पिटलात इंजेक्शनं सुरू झाली. ती मागच्या दाराने, गुपचूप. त्या दिवशी दुकानावर 'बाहेर गेलो आहे' अशी पाटी लागे.

देवाची अब्रू सांभाळायचं काम असं त्याच्या गळ्यात पडलं. त्याला ना सुट्टी होती, ना बदलीवर माणूस.

बायको रोज संध्याकाळी प्रार्थनेला बसे. तो शेजारी बसे, मान खाली घालून, हात जोडून. रिपोर्ट आल्यापासून त्याने स्वतः एक शब्दही वर पाठवला नव्हता. सुरुवातीला राग होता. मग रागाचाही कंटाळा आला. आता मान खाली घातली की त्याला आपल्या बोटांना चिकटलेलं गुलाबी मेण दिसे, आणि ते नखाने खरवडत तो तिचं संपायची वाट बघे.

त्या रविवारी उपासनेच्या शेवटी पाळकसाहेबांनी जाहीर केलं, की पुढचा रविवार साक्षीचा. बाहेरगावचे पाहुणे येणार. आणि आपल्या मंडळीतली ती साक्ष, जी साऱ्यांना ठाऊक आहे, ती त्यांच्यासमोर पुन्हा व्हायला हवी. सैल कवळीमुळे पाळकसाहेबांच्या तोंडून 'साक्ष' म्हणताना शिट्टी वाजत असे. मुलं त्याचीच वाट बघत असत.

"देणार ना?" पाळकसाहेबांनी वरून विचारलं.

सगळ्या माना वळल्या. बायकोने तोंड उघडलं, तेवढ्यात कवळीवाला म्हणाला, "देणार."

*

पाळकसाहेब आठवड्याच्या मधेच दुकानात आले. पाहुण्यांसमोर शिट्टी नको होती.

कवळीवाल्याच्या दुकानात भिंतीवर फळ्या होत्या, आणि फळ्यांवर प्लॅस्टरचे जबडे. मंडळीतले निम्मे लोक तिथे ओळीने बसलेले असत, रविवारपेक्षा जास्त शिस्तीत. पाळकसाहेब खुर्चीत बसले. कवळी काढून त्यांनी टेबलावर ठेवली आणि एकदम म्हातारे दिसू लागले. कवळीवाल्याने मापाचा लगदा कालवला, ट्रेमध्ये भरला आणि त्यांच्या तोंडात दाबून बसवला.

"आता हलायचं नाही. बोलायचं नाही. घट्ट होईपर्यंत असंच."

पाळकसाहेबांनी डोळ्यांनी होकार दिला.

कवळीवाल्याने काहीच ठरवलं नव्हतं. पण पाळकसाहेब समोर आहेत आणि गप्प आहेत, असा प्रसंग त्याच्या आयुष्यात पहिल्यांदाच आला होता. ट्रे बोटांनी दाबून धरत तो म्हणाला, "तिचं परत आलंय."

पाळकसाहेबांच्या घशातून आवाज आला.

"हलू नका. माप बिघडेल." तो सांगत राहिला. रिपोर्ट. इंजेक्शनं. टोप. भुवया. डॉक्टर काय म्हणाले ते. मागच्या खेपेचं हॉस्पिटलही सांगितलं. सगळं एका सुरात, गिऱ्हाइकाला कवळी धुवायची पद्धत सांगावी तसं. पाळकसाहेबांच्या डोळ्यांत पाणी आलं. हे ट्रेमुळेही असू शकतं. पुष्कळांना येतं.

लगदा घट्ट झाला. त्याने ट्रे सोडवून घेतला. पाळकसाहेबांनी चूळ भरली, पुन्हा भरली, आणि रुमालाने ओठ पुसत बसून राहिले.

"कोणाकोणाला माहीत आहे?"

"तुम्हाला. आत्ता."

"रविवार तेवढा होऊन जाऊ दे."

कवळीवाल्याला वाटलं होतं की ते खांद्यावर हात ठेवतील, निदान डोळे मिटतील. तो ट्रेमधल्या मापाकडे बघत राहिला. माप चांगलं आलं होतं.

"तुम्हाला वाटेल हा माणूस काय बोलतोय," पाळकसाहेब म्हणाले. "पण यंदा मी कबरींपाशीच जास्त उभा राहिलोय हो. दरवेळी लोक माझ्या तोंडाकडे बघतात. काहीतरी दाखवायला लागतं त्यांना. माझ्याकडे दाखवण्यासारखं एवढंच आहे. तुमचं."

कवळी टेबलावर होती, त्यामुळे हे सगळं बोबडं बाहेर पडलं. त्यामुळेच की काय, पण पाळकसाहेबांनी आजवर बोललेलं हे सगळ्यात खरं बोलणं आहे, असं कवळीवाल्याला वाटलं. त्याने मान डोलावली.

"शुक्रवारी न्या," तो म्हणाला. "घट्ट करून ठेवतो."

*

बायकोचे कपडे तिच्या अंगावर लोंबू लागले होते. साक्षीच्या दिवशी तसं चालणार नव्हतं, म्हणून शिवणताई माप घ्यायला घरी आली. गल्लीच्या टोकाला तिचं शिवणयंत्र होतं, आणि मंडळीच्या गायनसंचात ती पुढच्या रांगेत गायची. माणूस मोकळं, आवाज मोठा. टाचण्या ओठांत धरूनही ती थांबत नसे.

"उपास जोरात चाललेत वाटतं वहिनी. कंबर कुठे गेली तुमची?"

"शोध आता. टेप तुझ्याकडे आहे."

"मला द्या की थोडे उपास. माझं मेलं सगळं अंगी लागतं." तिने शेवटची टाचणी टोचली, उठली आणि दाराकडे पाहिलं. दारात कवळीवाला चहाचा कप घेऊन उभा होता. तिचा आवाज बसल्यासारखा झाला. "भाऊ, तुम्हीही ऐका. कुणाला बोलले नाहीये. मला गाठ आहे."

तिने हात काखेशी नेला आणि लगेच खाली घेतला.

"कधीपासून?" बायकोने विचारलं.

"आहे बरेच दिवस. हॉस्पिटलात दाखवली. सोमवारी या म्हणाले, सगळं तपासून लगेच ऑपरेशनचं ठरवू म्हणाले. घाई करत होते मेले." ती हसली. "मी जात नाही."

"का गं?"

"का म्हणजे? तुम्ही गेला होतात? भाऊंची साक्ष मी रोज ऐकते. मशीनवर बसले की फोन लावून ठेवते. पाठ झालीय. ती आजारी होती, आपण प्रार्थना केली, ती बरी झाली. कुठे आहे त्यात हॉस्पिटल?"

बायकोने नवऱ्याकडे पाहिलं. नुसतं पाहिलं, आणि वाट बघत राहिली.

कवळीवाल्याने चहाचा घोट घेतला. चहा गार झाला होता. "दाखवायला काय हरकत आहे," तो म्हणाला. "जाऊन तर या."

"हे तुम्ही म्हणता, भाऊ?" शिवणताईला खरोखर वाईट वाटलं. "तुम्हाला देव पुरला आणि मला पुरणार नाही? माझा विश्वास कमी वाटतो होय तुम्हाला?"

"तसं नाही."

"मग कसं?"

तिने टाचण्या डबीत भरल्या, कपडे पिशवीत घातले आणि जाताना बायकोच्या गालावरून हात फिरवला. "रविवारी मी पुढेच बसणारे," ती म्हणाली. "तुम्हाला बघत."

दार लागलं. बायको पलंगाच्या कडेला टेकली. तिने टोप काढला आणि मांडीवर ठेवला. घरात ती असाच ठेवायची.

"तू का नाही सांगितलंस तिला?" त्याने विचारलं.

"गाळलंय तुम्ही. मी भरलं तर तुम्ही खोटे ठरता. आपल्या माणसाला मी परस्पर खोटं पाडू होय?"

"वेळ कमी होता त्या दिवशी. प्रभुभोजन होतं."

"हो, ऐकलंय ते." ती दम खाऊन म्हणाली, "सोमवारपर्यंत थांबते. तुम्ही भरलंत तर ठीक. नाहीतर सोमवारी सकाळी मी तिच्या दारात जाईन आणि हा टोप काढून उभी राहीन. मग गल्लीला काय बघायचं ते बघू दे."

"आणि मंडळीत तोंड कसं दाखवायचं?"

"तोंडांचा धंदा तुमचा आहे. मला काय विचारता?"

त्याने गार चहाचा कप खाली ठेवला. मग हळूच म्हणाला, "लोक देवाला नावं ठेवतील."

"त्याला सवय आहे," बायको म्हणाली. "तुम्ही त्याचे वकील कधीपासून झालात?"

संध्याकाळी ती नेहमीसारखी प्रार्थनेला बसली. तोही बसला, मान खाली, हात जोडून. नखाखाली मेण नव्हतं. तो रिकामीच नखं खरवडत राहिला.

*

पुढल्या रविवारी जागा पुरली नाही. जास्तीच्या खुर्च्या मांडाव्या लागल्या. पाहुणे पुढे बसले होते आणि त्यांच्या शेजारी, अगदी मधोमध, शिवणताई. पाळकसाहेबांनी घट्ट केलेली कवळी घालून नाव पुकारलं. शिट्टी वाजली नाही. मुलांचा विरस झाला.

कवळीवाला पुढे जाऊन उभा राहिला. त्याने कुणाकडे बघायचं नाही असं ठरवलं होतं. त्यामुळे त्याला सगळे दिसत होते. निम्म्या लोकांचं हसू त्याच्याच हातचं होतं.

"माझी पत्नी आजारी होती," तो म्हणाला.

"आमेन," मंडळी म्हणाली.

पुढचं वाक्य तयार होतं. पण पडलेल्या दाताच्या जागेशी जीभ जशी आपोआप जाते, तसा तो इथे आला की दरवेळी अडखळत असे. लोकांना वाटे, भरून आलं. आजही पुढच्या रांगेतल्या एका पाहुण्याने रुमाल काढला. शिवणताईचे ओठ हलत होते. पुढचं वाक्य ती त्याच्या आधीच म्हणून मोकळी झाली होती.

"मधलं थोडं राहिलं होतं माझ्याकडून," कवळीवाला म्हणाला.

आणि तो हॉस्पिटल सांगू लागला. वॉर्ड लिफ्टशेजारी होता आणि लिफ्टचं दार रात्रंदिवस आपटायचं. तिची शीर सापडायची नाही, तेव्हा एक नर्स कोमट पाण्यात तिचा हात बुडवून बसायची. उलटीची बादली निळी होती. ऑपरेशन करणारे डॉक्टर फार तुटक बोलायचे आणि त्यांना चांगलं काम यायचं. त्याला नीट क्रम लावता येईना. बादलीचं दोनदा सांगून झालं. खुर्च्या कुरकुरू लागल्या. कुणीतरी खोकलं, मग तिघंचौघं खोकले. नाटक पडायला लागलं की नटाला आधी कळतं म्हणतात. कवळीवाल्यालाही कळत होतं की साक्ष पडतेय. पाळकसाहेब आपल्या बुटांकडे बघत होते.

"ती बरी झाली ती त्या लोकांच्या हातून. प्रार्थनेने किती झाली, ते मला सांगता येणार नाही. परत येणार नाही असं प्रभूने सांगितलं, हे मी माझ्या मनाचं म्हणालो होतो. कुणी मला काही सांगितलेलं नव्हतं." त्याने ओठ ओले केले. "ते परत आलंय."

तो थांबला.

"हालेलुया!" मागून खणखणीत आवाज आला. मंडळीची घंटा वाजवून वाजवून बहिरे झालेले आजोबा मागच्या बाकावर बसत. वक्ता थांबला की ते अंदाजाने हालेलुया म्हणत, आणि एरवी त्यांचा अंदाज चुकत नसे.

कुणी हसलं नाही. पुढच्या रांगेत शिवणताई उठली. मांडीवरचं गीतांचं पुस्तक तिने खुर्चीवर ठेवलं, ते घसरून खाली पडलं, ते तिने उचललं नाही. मधल्या वाटेने ती दारापर्यंत गेली. तिच्या चपलांचा आवाज बाहेर पायऱ्यांवरून उतरताना सगळ्यांनी ऐकला.

पाळकसाहेबांनी ठरलेलं गीत जाहीर केलं. ते आनंदाचं होतं. बदलायचं त्यांना सुचलं नसावं. लोकांनी ते खाली बघत म्हटलं.

उपासना सुटल्यावर दारापाशी नेहमी घोळका होई, तो झाला नाही. माणसं दोघांच्या बाजूने वाट काढून जात होती, जमिनीवर काही सांडलेलं असावं तशी. "विश्वास कमी पडला असेल कुठेतरी," एका पाहुण्याने दुसऱ्याला सांगितलं, फार हळू नाही. एक म्हाताऱ्या बाई मात्र थेट जवळ आल्या आणि आपली कवळी कधी मिळेल, एवढंच त्यांनी विचारलं. कवळीवाल्याला त्यांचे पाय धरावेसे वाटले.

घरी आल्यावर त्याने बायकोच्या भुवया ओल्या कापसाने पुसल्या.

"मला वाटलं होतं, सांगितलं की हलकं वाटेल," तो म्हणाला.

"वाटतंय?"

"नाही."

कापूस टाकून देत तो म्हणाला, "शिवणताईचाही विश्वास घालवला मी. होता तेवढाही."

"पाणी दे," बायको म्हणाली. "तोंड कोरडं पडलंय." ती त्याला कधी अरेतुरे करत नसे. फार दमल्याशिवाय नाही.

*

सोमवारी इंजेक्शनचा दिवस होता. या वेळी ते हॉस्पिटलच्या पुढच्या दाराने आत गेले. बायकोने डोक्याला साधा रुमाल बांधला होता. लपवायचं कुणापासून?

कॉरिडॉरमध्ये समोरासमोर दोन दारं होती. एकातून इंजेक्शनची माणसं आत जात, दुसऱ्यातून तपासणीची. मधल्या बाकाच्या टोकाला शिवणताई बसली होती. तिने दोघांना पाहिलं आणि तोंड भिंतीकडे फिरवलं. भिंतीवर हात कसे धुवावेत हे चित्रांतून समजावलं होतं. ती ते फार लक्ष देऊन वाचू लागली.

कवळीवाला लांबच्या खुर्च्यांकडे वळला. बायको वळली नाही. ती सरळ जाऊन शिवणताईच्या शेजारी बसली, तेव्हा त्यालाही बायकोच्या पलीकडे टेकावं लागलं.

"आलीस ते बरं केलंस," बायको म्हणाली. तिचे शब्द जाड येत होते. इंजेक्शनांनी तिच्या तोंडात जखमा झाल्या होत्या.

"तुमच्यासाठी नाही आले."

"बरं."

"रात्रभर शिव्या घातल्या मी तुम्हाला. दोघांना."

"घाल की."

शिवणताईचा ताबा सुटला. "इतके दिवस मी मूर्खासारखी ऐकत बसले, वहिनी! गाठ हाताला लागत होती आणि मी ऐकत बसले होते. एक सांगून ठेवते. मी आता बोलत नाही."

"कुणाशी? ह्यांच्याशी?"

"ह्यांच्याशी नाहीच. पण मी वरच्याबद्दल म्हणतेय. त्याच्याशीही नाही. संपलं आमचं."

"बरं," बायको पुन्हा म्हणाली. मग तिने मानेने नवऱ्याकडे खूण केली. "हेही बोलत नाहीत त्याच्याशी. रिपोर्ट आल्यापासून."

कवळीवाल्याने मान वळवली. बायको त्याच्याकडे बघत नव्हती. सैल झालेली रुमालाची गाठ ती आवळत होती. इतक्या संध्याकाळी तो तिच्या शेजारी मान खाली घालून बसला होता, आणि आपलं सोंग चांगलं वठतंय अशी त्याची समजूत होती.

"मग?" शिवणताईने विचारलं. तिला विचारायचं नव्हतं, पण राहवलं नाही.

"मग काय. मी दोघांचं बोलते. घरातल्या एकाचं बोलणं चालू असलं की भागतं." ती थांबली, गिळली, चेहरा वेडावाकडा झाला. "तुझंही बोलेन. त्यात काय, एक माणूस वाढलं."

इंजेक्शनच्या दारातून नर्सने हाक मारली. बायको बाकाच्या पाठीला धरून उठली. कवळीवालाही उठला, तसं तिने त्याला हाताने खाली बसवलं. आत एकटीलाच सोडत असत.

"आज मात्र मला जमायचं नाही," ती त्याला म्हणाली. "तोंड सगळं सोललंय. एवढं बोलले तेच जड झालं. आजच्या दिवस तुम्ही बोला."

"मी?" कवळीवाला म्हणाला. "मला काय येतंय."

"काल बोललात की."

"काल मी लोकांशी बोललो."

"मला नाही तसं वाटलं," बायको म्हणाली, आणि नर्सच्या मागून आत गेली.

दार मिटलं. बाकावर मधली जागा रिकामी राहिली. तपासणीच्या दारातून कुणाची तरी फाइल आत गेली, कुणाची तरी बाहेर आली.

"मी ऐकत नाहीये हं," शिवणताई म्हणाली.

"नका ऐकू."

कवळीवाल्याने हात जोडून पाहिले. ते बरं दिसेना, म्हणून सोडले आणि गुडघ्यांवर ठेवले. समोर बंद दार होतं. त्याने घसा खाकरला. समोरून जाणाऱ्या वॉर्डबॉयने वळून पाहिलं.

"ते परत आलंय," तो म्हणाला.

तो दाराकडे बघत राहिला.

शिवणताईचं तोंड अजून भिंतीकडेच होतं.

"पुढे?" ती म्हणाली.